सीमाभागातील देवळांची गळती आणि रबरी सांधभरण
(देवस्थानच्या महाजनांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या गळतीचा विषय महाजनांच्या सभेत बहुधा आषाढात निघतो आणि कार्तिकात विसरला जातो. पाऊस थांबला की गळती थांबते, आणि गळती थांबली की ठराव बासनात जातो. मग वैशाखात एखादे दानशूर कुटुंब पुढे येते आणि छपरावर रबरी रंगाचे दोन हात देण्याचा खर्च उचलते. दोन पावसाळे बरे जातात. तिसऱ्या वर्षी रंगाला फुगे येतात, चौथ्या वर्षी त्याच्या खपल्या पन्हाळीत अडकतात, आणि पूर्वी जेथे एका जागी थेंब पडत होता तेथे आता चार जागी भांडी ठेवावी लागतात. देणाऱ्याची भावना निर्मळ असते आणि पुष्कळदा मालही हलका नसतो. चूक असते ती जागेची. रबर हे सांध्यात भरण्याचे द्रव्य आहे, जुन्या चुन्याच्या छपराला गुंडाळण्याचे वस्त्र नव्हे, एवढेच या व्याख्यानाचे म्हणणे आहे. मात्र ते पटण्यासाठी बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांचे ऊन, तेथला दगड आणि तेथली माती यांचा थोडा विचार करावा लागतो.

प्रथम उन्हाचा. कलबुर्गीकडे वैशाखात सावलीतला पारा त्रेचाळीस अंशांपर्यंत चढतो. बिदरचे पठार उंच असल्याने तेथे तो दोन-तीन अंश खाली राहतो. हे सावलीतले आकडे. उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग भर दुपारी साठ अंशांच्या घरात जातो, आणि पौषातल्या पहाटे तोच स्लॅब दहा-बारा अंशांपर्यंत निवतो. त्यात मृगाची पहिली सर अशा तापलेल्या स्लॅबवर कोसळते तेव्हा पाव घटकेत त्याची कातडी निम्म्याने थंड होते आणि पोट गरमच राहते. काँक्रीट एका अंशाने तापले की आपल्या लांबीच्या सुमारे एक लक्षांशाने वाढते. ही वाढ ऐकायला क्षुल्लक वाटते. पण पन्नास फुटांचा, म्हणजे पंधरा मीटरांचा सभामंडप घेतला आणि वर्षभरात स्लॅबच्या सरासरी उष्णतेत चाळीस अंशांचा फरक पडतो असे धरले, तर लांबीत सहा मिलिमीटरांचा फरक पडतो. सहा मिलिमीटर म्हणजे जवळजवळ पाव इंच. दरवर्षी उन्हाळा हा पाव इंच पुढे ढकलतो आणि हिवाळा तो मागे घेतो.

आता सीमाभागातील देवळांची नेहमीची घडण डोळ्यांपुढे आणावी. गाभारा जुना, दगडी, चुन्यात बांधलेला. त्याला चिकटून गेल्या साठ-सत्तर वर्षांत केव्हा तरी उभारलेला सिमेंट-काँक्रीटचा सभामंडप. गाभाऱ्याच्या भिंती हातभर जाडीच्या. त्या सावकाश तापतात आणि सावकाश निवतात. मंडपाचा स्लॅब पाच-सहा इंचांचा. तो सूर्याबरोबर उठतो आणि सूर्याबरोबर निजतो. दोघांची चाल एक नाही, पाया एक नाही, वयही एक नाही. ते जेथे भेटतात तेथेच पाणी शिरते, आणि नेमके गाभाऱ्याच्या दाराशी ठिपकते. गवंडी येतो, भेग खरवडतो आणि घट्ट सिमेंट भरतो. सिमेंट दगडासारखे टणक होते. पुढच्या उन्हाळ्यात स्लॅब पुढे सरकला की ते चिरडते, हिवाळ्यात मागे गेला की सुटते. गवंड्याचा येथे काही दोष नाही. जी जागा हलणारच, ती न हलणाऱ्या द्रव्याने भरण्याचा आग्रह धरला जातो, दोष त्या आग्रहाचा आहे.

अशा जागी रबराची योजना करावी. त्यासाठी रबराचा स्वभाव ठाऊक हवा, आणि तो माणसाला फार उशिरा उमगला. इ. स. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉश याने रबर नॅफ्थ्यात विरघळवून दोन कापडांमध्ये थापले आणि पाणी न झिरपणाऱ्या कापडाचे पेटंट घेतले. कापड भिजत नसे हे खरे, पण उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत लाकडासारखे कडक. कच्च्या रबराचा हा दोष १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर याला गंधकाच्या साहाय्याने घालवता आला. गंधकाबरोबर तापवलेल्या रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. ते ताणले तरी मूळ आकारावर परतते आणि उष्णतेने पाघळत नाही. पुढे १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत जे. सी. पॅट्रिक या रसायनज्ञाच्या हाती एक उग्र वासाचा, रबरासारखा पदार्थ लागला. तो शोधत होता मोटारीच्या पाण्यात घालायचे न गोठणारे द्रव्य. त्याला मिळाले पॉलिसल्फाइड, ज्याला तेल आणि पेट्रोल सहसा बाधत नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पेट्रोलच्या टाक्यांचे सांधे याच पदार्थाने भरले गेले, आणि युद्धानंतर तो इमारतींच्या सांध्यांत आला. आज पॉलिसल्फाइडबरोबर पॉलियुरेथेन आणि सिलिकोन हीही द्रव्ये मिळतात. भारतीय मानक संस्थेने दोन भागांच्या पॉलिसल्फाइडसाठी आय. एस. १२११८ हे मानक ठरवून दिले आहे. दुकानदाराने ‘रबर आहे, चालेल’ म्हटले तर डब्यावर हा क्रमांक आहे की नाही ते पाहावे.

रबर किती ताणते यापेक्षा किती वेगाने परतते हे अधिक महत्त्वाचे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर त्र्याहत्तर सेकंदांत नष्ट झाले आणि सात जण दगावले. त्या पहाटे कडाक्याची थंडी होती. अग्निबाणाच्या भागांमधल्या सांध्यावर बसवलेली रबरी कडी थंडीने आखडली आणि सांधा उघडला तेव्हा त्याच्याबरोबर वेळेवर फुगली नाही. चौकशी समितीपुढे रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि चिमटा काढल्यावर तो किती वेळ दबलेलाच राहतो ते दाखवले. बिदरला तशी थंडी नाही. येथला शत्रू ऊन आहे. उन्हातील अतिनील किरणांनी आणि सततच्या उष्णतेने रबर वरून कोरडे पडते, त्यावर बारीक जाळी उमटते, आणि मग तेही थंडीने आखडलेल्या रबरासारखे परतायचे विसरते. डांबरी पटलांच्या बाबतीतही हीच निवड करावी लागते. डांबरात मिसळण्याचे जे दोन प्रकार बाजारात आहेत त्यांपैकी एस. बी. एस. हा रबरी प्रकार थंड मुलखात लवचीक राहतो, तर ए. पी. पी. हा प्लॅस्टिकचा प्रकार उन्हात पाघळण्याला अधिक दाद देत नाही. हिमाचलातल्या धर्मशाळेला जे उत्तम ठरले तेच आळंद किंवा अफझलपूरला उत्तम ठरेल असे नाही.

सांधा भरण्याची रीत थोडी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण चांगला माल वाया जातो तो येथेच. बाजारातली चांगली सांधभरणे आपल्या रुंदीच्या सुमारे चौथाईइतके आत-बाहेर होणे सहन करतात. सहा मिलिमीटरांची हालचाल असेल आणि काम भर वैशाखात केले, तर सांधा तेव्हा सर्वांत अरुंद असतो आणि पुढे केवळ रुंदावतच जातो. संपूर्ण सहा मिलिमीटर एकाच दिशेने सोसायचे म्हणजे सांधा चोवीस मिलिमीटर रुंद हवा. तेच काम माघ-फाल्गुनात केले, म्हणजे ऊन आणि थंडी यांच्या मध्यावर, तर तीन मिलिमीटर इकडे आणि तीन तिकडे अशी विभागणी होते आणि बारा मिलिमीटरांत भागते. मुहूर्त पाहण्याची सवय महाजनांना आहेच. या कामाचा मुहूर्त शिवरात्रीच्या मागेपुढे, आणि वेळ सकाळची.

सांधा किती खोल भरायचा? रुंदीच्या निम्मा. पुष्कळांना वाटते की जितके अधिक रबर ठासू तितके पाणी अडेल. उलट होते. जाड रबर ताणायला अवघड जाते आणि ओढ कडांवर येऊन कडा सुटतात. म्हणून सांध्यात आधी फेसाळ पॉलिथिनची गोल दोरी दाबून बसवतात आणि तिच्यावर रबर भरतात. दोरीचे दुसरे काम त्याहून मोठे आहे. रबर दोन्ही बाजूंच्या भिंतींना चिकटावे, तळाला चिकटू नये. तळालाही चिकटले तर त्याला मोकळेपणाने लांबता येत नाही आणि ते मधोमध फाटते. तीन बाजूंनी धरलेल्या माणसाला जसे वळता येत नाही तशी त्याची अवस्था होते. आणि ज्या कडांना ते चिकटवायचे त्या कडा खऱ्या दगडाच्या असाव्यात. सुटलेला गिलावा, जुना रंग, शहाबादी फरशीची भुकटी यांवर चिकटवलेले रबर त्या भुकटीला घट्ट धरून बसते, दगडाला नव्हे. कडा तारेच्या कुंचल्याने घासून, फुंकून, पूर्ण वाळवून, तिच्यावर त्या द्रव्याबरोबर येणारा पहिला हात देऊन मगच सांधा भरावा.

एवढे केल्यावरही सांधा उघडा ठेवू नये. या बाबतीत जुने पाथरवट आपल्यापेक्षा शहाणे होते. ऐहोळे येथील लाडखान मंदिराच्या उतरत्या छपरावर शिळांच्या सांध्यांवर लांबच लांब दगडी पट्ट्या ठेवलेल्या आहेत. त्यांनी सांधा बुजवण्याऐवजी झाकला. शिळा खाली हलल्या तरी पट्टी वर तशीच. सभामंडप आणि गाभारा यांच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना चार इंचांची कड उचलून घ्यावी, सांध्यात रबर भरावे आणि वरून तांब्याच्या किंवा जस्ती पत्र्याची टोपी एकाच बाजूला खिळवून बसवावी. मग पाणी सांध्यावरून वाहत नाही, ऊन रबरावर पडत नाही, आणि रबराचे आयुष्य कितीतरी वाढते.

येथपर्यंत रबराची बाजू. दुसरी बाजू जांभ्याची आहे. बिदरचे पठार जांभ्याचे, आणि जांभ्याच्या खाली काळा बेसाल्ट. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपत जाते आणि बेसाल्टवर येऊन थांबते. बहमनी काळात बिदरजवळ नौबाद येथे जो भुयारी पाणीपुरवठा खोदला गेला, तो दगडाच्या याच गुणावर. बिदरच्या नरसिंह झरणीत भाविक भुयारातून कमरेपासून छातीपर्यंतच्या पाण्यात चालत देवापर्यंत जातात, तेही याच जांभ्यातून पाझरणारे पाणी. ज्या दगडातून झरे वाहतात त्याच दगडाच्या भिंती देवळाला आहेत, ही गोष्ट रंगाचा डबा उघडण्यापूर्वी आठवावी. अशा भिंतीत पाणी केवळ वरून येत नाही. जमिनीतूनही वर चढते. चुन्याचा गिलावा ते उन्हाळ्यात हळूहळू बाहेर सोडतो. म्हणजे भिंत श्वास घेते. तिच्या बाहेरून रबराचे अखंड पटल चढवले तर आतले पाणी आतच राहते, त्याच्याबरोबर आलेले क्षार पटलामागे स्फटिक होऊन लोणा धरतात आणि दगडाची कातडी सोलून काढतात. वरून भिंत रंगवलेली आणि चकचकीत दिसते. बोटाने दाबले तर भुगा.

चुन्याच्या छपराचेही असेच. विटांचे तुकडे, सुरखी आणि घाणीतला चुना यांचा कोबा थापीने दिवसेंदिवस ठोकून घट्ट केला जाई, आणि वर गूळ व बेलफळाचे पाणी शिंपडले जाई. हे केवळ आजीबाईचे ज्ञान नव्हे. चुन्याच्या कोब्यासंबंधीच्या आय. एस. ३०३६ या भारतीय मानकातही गूळ आणि बेलफळ आहेत. कलबुर्गीच्या किल्ल्यातील जामा मशीद १३६७ मधली. तिला उघडे अंगण नाही, सारी वास्तू घुमटांनी झाकलेली. साठांहून अधिक लहान घुमट, चार कोपऱ्यांना चार आणि मागे एक मोठा. दोन घुमटांमधली प्रत्येक खोबण म्हणजे पाणी साचण्याची जागा. साडेसहाशे वर्षे ती वास्तू उभी आहे, आणि तिच्या बांधणाऱ्यांपाशी रबर नव्हते. उतार होता, चुना होता. चुन्याच्या छपराची डागडुजी चुन्यानेच करावी. पन्हाळीच्या तोंडाशी, लोखंडी नळ जेथे कोब्यातून जातो तेथे, पत्र्याच्या कडेला, एवढ्याच जागी रबराला बोलवावे.

छपरावर काय चढवायचे याला वजनाचीही बाजू आहे, आणि ती या मुलखाने फार मोठी किंमत देऊन शिकली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून थकून निजलेल्या गावांवर, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. किल्लारी आणि सास्तूर ही गावे बिदर आणि आळंदपासून दूर नाहीत. निलंगा आणि उदगीर हे तालुके तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. सीमेच्या दोन्ही बाजूंची घरे एकाच धर्तीची: मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती, वर कडीपाट आणि त्यावर धाब्याची माती. गळती लागली की माती, ऊन लागू नये म्हणून माती, असे करता करता थर एक फूट, दीड फूट, कोठे त्याहूनही जाड झाला. एक फूट जाडीची माती दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर साडेचार-पाच टन वजन ठेवते. रबरी किंवा डांबरी पटलाचे वजन तेवढ्याच जागेवर तीस-चाळीस किलो. म्हणून जेथे मातीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा आणखी एक थर टाकण्याचा विचार असेल, तेथे जाणत्या अभियंत्याचे मत घेऊन जुने थर उतरवणे आणि वर हलके पटल देणे, हा खरोखरच उत्तम मार्ग ठरू शकतो. नवीन काँक्रीटच्या स्लॅबवर रबरी पटलाला मज्जाव नाही. अट एवढीच की जुने ओझे आधी खाली यावे. जुन्या तीन थरांवर चौथा रबराचा, हा मार्ग नव्हे.

सन्नतीचे उदाहरण येथे सांगितले पाहिजे. चित्तापूर तालुक्यात भीमेच्या काठी चंद्रलांबेचे स्थान आहे; महाराष्ट्र आणि कर्नाटकातील अनेक घराण्यांची ती कुलस्वामिनी. १९८६ मध्ये त्या परिसरातील कालीमंदिराचे छत कोसळले आणि मूर्ती भंगली. ढिगारा उपसताना मूर्तीखालची शिळा उघडी पडली. तिच्यावर ब्राह्मी अक्षरे होती. ती सम्राट अशोकाच्या आज्ञांची शिळा निघाली, जिच्या मध्यभागी मूर्ती बसवण्यासाठी पूर्वी केव्हा तरी भोक पाडलेले होते. पुढे जवळच कनगनहळ्ळी येथे उत्खनन होऊन मोठा स्तूप आणि अशोकाचे नाव कोरलेले शिल्प मिळाले, आणि सन्नती जगाच्या नकाशावर आली. इतिहासाच्या अभ्यासकांना त्या वर्षी जे लाभले ते अमोल आहे. पण महाजनांनी ही घटना दुसऱ्या बाजूनेही पाहावी. पिढ्यान् पिढ्या पूजलेली मूर्ती छताखाली सापडून गेली. छपराखाली काय आहे, हे छप्पर पडेपर्यंत कोणाला ठाऊक नसते. आणि जे ठाऊक असते, ते छप्पर पडल्यावर उरत नाही.

गाभाऱ्याच्या आतील सांध्यांविषयी दोन शब्द. अभिषेकाचे पाणी, दूध, तूप आणि समईचे तेल फरशीच्या सांध्यांतून खाली उतरते. पुष्कळ रबरे तेलाने फुगतात आणि मऊ होतात. पॉलिसल्फाइड तेलाला चांगले तोंड देते, म्हणून आतल्या फरशीसाठी तेच पाहावे. ते लावताना वास उग्र येतो. काम नैवेद्यापूर्वी उरकण्याच्या घाईने करू नये आणि डब्यावर लिहिलेली वाळण्याची मुदत पुरी होईपर्यंत अभिषेक उत्सवमूर्तीवर करावा. रबर सोवळ्यात चालते की नाही, हा प्रश्न एखादे वडीलधारे विचारतील. तो शास्त्रीबोवांच्या अधिकारातला आहे आणि काम सुरू होण्यापूर्वी विचारला जावा, संपल्यावर नव्हे.

काळ्या मातीवर उभ्या असलेल्या देवळांना मात्र आणखी एक सावधगिरी लागते. रेगूर पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर खोल भेगा पाडते. अशा जागी भिंतीला तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी भेग दिसली तर ती पायाची तक्रार असते. तिच्यात रबर भरले की भेग दिसेनाशी होते, एवढेच. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी. एका पावसाळ्यात आणि एका उन्हाळ्यात पट्टी तडकली तर रंगाऱ्याला नव्हे, अभियंत्याला बोलवावे.

काम झाल्यावर परीक्षा कशी घ्यावी याविषयी एक धोका सांगून ठेवणे जरूर आहे. काँक्रीटच्या नव्या स्लॅबवर अभियंत्याच्या संमतीने पन्हाळी बंद करून दोन-तीन दिवस पाणी साठवून पाहतात. हा प्रयोग कडीपाटाच्या, धाब्याच्या किंवा जुन्या चुन्याच्या छपरावर कधीही करू नये. दोन इंच पाणी म्हणजे दहा फूट लांब-रुंद जागेवर जवळजवळ अर्धा टन. तेथे पहिल्या मृगाच्या सरीची वाट पाहावी आणि सर चालू असतानाच दिवा घेऊन गाभाऱ्याच्या छताकडे पाहावे. पाऊस थांबल्यावर दिसणारा डाग पाणी कोठून आले ते सांगत नाही. ते कडीवरून सरकत दुसरीकडेच ठिपकलेले असते.

देवस्थानच्या वहीत उत्सवाच्या खर्चाचा पैन् पैचा हिशेब असतो. नारळ किती आले, तूप किती लागले, सारे लिहिलेले. छपरासाठी वेगळे पान बहुधा नसते. त्या पानावर पुढील गोष्टी याव्यात: कोणता सांधा, किती रुंद, कोणते द्रव्य, डब्यावरचा क्रमांक आणि तारीख, काम कोणी केले, त्या दिवशी ऊन कसे होते, आणि पहिल्या पावसात कोठे ओल दिसली. दर वर्षी माघात त्या पानासह दोन महाजनांनी छपरावर चढावे, पन्हाळीतला पालापाचोळा स्वतःच्या हाताने काढावा आणि रबर बोटाने दाबून पाहावे. दाबलेले परत वर आले तर त्या वर्षी सांधभरणाचा खर्च नाही.